एचआयव्हीची गोळी का चुकते?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एचआयव्हीची लागण म्हणजे मृत्यूचाच निरोप, अशी समजूत होती. त्या काळी ती फारशी चुकीचीही नव्हती. आज मात्र ती साफ चुकीची आहे. वेळेवर निदान झाले आणि दिवसाला एक गोळी नियमित घेतली, तर एचआयव्हीबाधित माणूस शेती करतो, नोकरी करतो, लग्न करतो, त्याला निरोगी मुले होतात आणि तो जवळपास इतरांइतकेच आयुष्य जगतो. ही गोळी सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. असे असूनही अंगावर नुसती कातडी उरलेले, धाप लागलेले, तोंडात पांढरी बुरशी पसरलेले रुग्ण आजही आमच्या वॉर्डात येतात. औषध आहे, ते फुकट आहे, ते उत्तम काम करते. मग अडते कुठे?

याचे उत्तर औषधशास्त्राच्या पुस्तकात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे शोधायला भोर आणि वेल्ह्यासारख्या तालुक्यांत जावे लागते. पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचे हे तालुके. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. पूर्वेला नसरापूर, कापूरहोळवरून धावणारा पुणे-सातारा महामार्ग आणि पश्चिमेला वरंधा घाट, मढे घाट आणि सह्याद्रीची धार. मध्ये भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी या धरणांचे पाणी आणि त्या पाण्याच्या कडेकडेने, डोंगराच्या उतारावर विखुरलेल्या वाड्या. महामार्गावरून जाणाऱ्याला पुणे तासाभरावर वाटते. वाडीवरच्या माणसाला मात्र त्यासाठी सगळा दिवस मोडावा लागतो.

या लेखातील रुग्णांची उदाहरणे अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेली आहेत. ती कोणा एकाची नाहीत. अडचणी मात्र खऱ्या आहेत.

विषाणू पूर्ण का जात नाही?

"डॉक्टर, एवढी वर्षे गोळ्या खातोय, आता तरी बंद करू का?" हा प्रश्न प्रत्येक रुग्ण कधी ना कधी विचारतो. प्रश्न रास्त आहे. न्यूमोनियाच्या गोळ्या आठवड्यात संपतात, क्षयरोगाच्या सहा महिन्यांत. मग याच औषधाला शेवट का नाही?

एचआयव्ही आपल्या प्रतिकारशक्तीच्या सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. तिथे तो आपल्या आनुवंशिक मजकुराची प्रत तयार करतो आणि ती पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये चिकटवून टाकतो. अशा बहुतेक पेशी नवे विषाणू तयार करता करता मरतात. पण काही पेशी झोपी जातात. त्यांच्यात विषाणूचा मजकूर असतो, पण विषाणू तयार होत नाही. आपली औषधे काम करतात ती विषाणूच्या वाढीच्या पायऱ्यांवर. जिथे वाढच नाही, तिथे औषधाला काही करता येत नाही.

भातखाचर असलेल्या शेतकऱ्याला हे चटकन समजते. उगवलेले तण बेणून काढता येते, पण मातीत पडलेले बी तसेच राहते. बेणणी थांबवली की पहिल्या पावसात ते पुन्हा उगवते. एचआयव्हीचे हे झोपलेले बी फार चिवट असते. औषधे नियमित सुरू असतानाही त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ४४ महिने लागतात, असे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मोजले. त्या हिशेबाने ते पूर्ण संपायला सत्तरहून अधिक वर्षे लागतील. म्हणून औषध बंद केले की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. अस्थिमज्जा बदलून जगभरात बोटांवर मोजण्याइतके रुग्ण विषाणूमुक्त झाले आहेत. पण तो उपचार कर्करोगासाठी केलेला होता आणि तो जिवावर बेतू शकतो. सर्वसामान्य रुग्णासाठी तो मार्ग नव्हे.

एका गोळीत तीन औषधे

दुसरी अडचण विषाणूच्या वेगाची. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. विषाणूचा मजकूर जेमतेम ९,७०० अक्षरांचा, पण त्याची नक्कल करणारे विकर फार बेफिकीर; झालेली चूक ते तपासून पाहत नाही. त्यामुळे नव्या विषाणूंत सतत बारीकसारीक बदल होत राहतात. त्यातला एखादा बदल असा निघतो की औषध त्या विषाणूवर चालत नाही. औषधाने बाकीचे विषाणू मारले की मैदान त्या एकट्यालाच मोकळे मिळते. यालाच आपण औषधाला दाद न देणे किंवा प्रतिरोध म्हणतो.

१९८७ मध्ये झिडोव्हुडीन हे पहिले औषध आले तेव्हा हेच घडले. सुरुवातीला रुग्ण सुधारत आणि काही महिन्यांत पुन्हा ढासळत. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकाच वेळी देण्याची पद्धत आली आणि चित्र पालटले. तीन वेगवेगळ्या औषधांना एकाच वेळी चुकवणारे बदल एकाच विषाणूत जुळून येणे जवळजवळ अशक्य असते. मात्र हे गणित तिन्ही औषधे रक्तात पुरेशी असतील तेव्हाच लागू पडते. गोळ्यांत खंड पडला की औषधांची पातळी घसरते. एक औषध शरीरातून लवकर जाते, दुसरे रेंगाळते आणि काही दिवस विषाणूसमोर एकटे औषध उरते. प्रतिरोध जन्माला यायला ही स्थिती अगदी सोयीची. म्हणूनच एचआयव्हीच्या बाबतीत अधूनमधून घेतलेले औषध धोक्याचे ठरते.

तीन औषधांचा खर्च सुरुवातीला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक होता. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला देऊ केली आणि जगभरच्या किमती कोसळल्या. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत एआरटी, म्हणजे विषाणूविरोधी उपचार सुरू केले. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

तेव्हाची औषधे आजच्यासारखी सोसवणारी नव्हती. स्टॅव्ह्युडीनने गाल बसत, हातापायांची चरबी झडे आणि तळपायांची आग होई. नुसता चेहरा पाहून गाव ओळखे. झिडोव्हुडीनने रक्त कमी होई, नेव्हिरापीनने अंगावर पुरळ उठे, एफाव्हिरेन्झने रात्रभर विचित्र स्वप्ने पडत. आज दिली जाणारी 'टीएलडी' ही एक गोळी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर या तिघांची मिळून बनलेली आहे. ती दिवसातून एकदाच घ्यायची आणि विषाणूला तिच्यातून निसटणे बरेच अवघड जाते. काहींचे वजन वाढते, काहींची झोप उडते, काहींच्या रक्तातील साखर वाढलेली आढळते. टेनोफोव्हिरसाठी मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. तरीही जुन्या गोळ्यांच्या तुलनेत ही फार मोठी सुधारणा आहे. थोडक्यात, औषधाच्या बाजूची बरीचशी लढाई आपण जिंकली आहे. आता जी उरली आहे ती गोळी आणि माणूस यांच्यामधली.

उशिरा येणारा रुग्ण

वीस वर्षे मुंबईत ओझी वाहून गावी परतलेला चाळिशीतला माणूस. तीन महिने बारीक ताप, वजन पंधरा किलोने उतरलेले. आधी गावातल्या दवाखान्यात सलाइन, मग अंगारा, मग 'रक्त शुद्ध करणारे' झाडपाल्याचे औषध. रुग्णालयात आणतात तेव्हा त्याला दोन माणसांनी धरलेले असते. छातीच्या एक्स-रेमध्ये क्षयरोग आणि सीडी४ पेशी साठ. निरोगी माणसात त्या साधारण पाचशेच्या वर असतात. दोनशेच्या खाली गेल्या की धोक्याची घंटा वाजते.

अशा रुग्णाला नुसती टीएलडीची गोळी देऊन भागत नाही. आधी क्षयरोगाचे उपचार सुरू करायचे आणि ते अंगी लागताहेत असे दिसले की साधारण दोन आठवड्यांत एआरटी सुरू करायची. मेंदूच्या आवरणाला क्षयरोग किंवा क्रिप्टोकॉकस बुरशीची लागण असेल, तर मात्र एआरटीसाठी मुद्दाम काही आठवडे थांबावे लागते. कारण प्रतिकारशक्ती जागी होताना लपलेल्या जंतूंवर एकदम तुटून पडते. ताप वाढतो, गाठी सुजतात, मेंदूत सूज आली तर जीवही जाऊ शकतो. अशा वेळी नातेवाइकांना वाटते की गोळीनेच बिघडले. गोळी बंद होते आणि गावात बोलबाला होतो, "सरकारी गोळी सुरू केली अन् माणूस गेला."

त्यात आणखी एक गुंता असतो. क्षयरोगाचे मुख्य औषध रिफॅम्पिसिन यकृताला असे कामाला लावते की डोल्युटेग्रॅव्हिर झपाट्याने शरीराबाहेर टाकले जाते. म्हणून क्षयरोगाचे उपचार सुरू असेपर्यंत डोल्युटेग्रॅव्हिरची एक जादा गोळी बारा तासांनी द्यावी लागते. 'दिवसाला एकच गोळी' असे शिकलेल्या रुग्णाला हे नीट समजावले नाही, तर संध्याकाळची गोळी हमखास राहते.

हा उशीर टाळता येण्यासारखा आहे. २०१७ पासून आपल्याकडे धोरण स्पष्ट आहे: तपासणीत एचआयव्ही आढळला की सीडी४ कितीही असोत, उपचार लगेच सुरू करायचे. पूर्वी ती संख्या दोनशेच्या, मग साडेतीनशेच्या, मग पाचशेच्या खाली येईपर्यंत वाट पाहत असू. आता वाट पाहायची नाही. पण त्यासाठी तपासणी आधी व्हायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक ताप किंवा खोकला, कारणाशिवाय घटणारे वजन, महिनाभर चाललेले जुलाब, नागीण, तोंडातली बुरशी, कोणताही गुप्तरोग किंवा क्षयरोग असेल, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. सरकारी तपासणी व समुपदेशन केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते.

पाऊस, लावणी आणि एसटी

औषध सुरू झाले की खरी परीक्षा सुरू होते. महिन्यात एकापेक्षा जास्त गोळी चुकू नये, असा आमचा साधा नियम आहे. शहरातल्या माणसाला तो सोपा वाटतो.

जुलै महिना डोळ्यासमोर आणा. वेल्ह्याच्या आणि भोरच्या पश्चिम भागात पाऊस कोसळतो आहे, लावणीची घाई आहे, माणूस मिळत नाही. घाटात दरड आली की रस्ता बंद आणि मुक्कामी गाडी आली नाही तर सकाळची एसटीही नाही. औषधाची तारीख नेमकी याच आठवड्यात. पुण्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, तिकिटाचे पैसे जातात आणि "कुठं चाललीस?" या प्रश्नाचे उत्तर शेजारणीला, सासूला आणि एसटीतल्या ओळखीच्या माणसाला द्यावे लागते. मग विचार होतो, चार दिवस उशीर झाला तर काय बिघडले? चाराचे दहा होतात, दहाचा महिना होतो.

यावर उपाय आहेत. तब्येत स्थिर असलेल्या आणि रक्तातील विषाणू आटोक्यात असलेल्या रुग्णाला तीन महिन्यांची औषधे एकदम देता येतात. कोरोनाच्या टाळेबंदीत याच सोयीने अनेकांचे उपचार टिकले. मोठ्या एआरटी केंद्राशी जोडलेली छोटी लिंक केंद्रे याच हेतूने उभारलेली आहेत. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या माणसाने आपले हिरवे पुस्तक सोबत ठेवले, तर देशातल्या दुसऱ्या एआरटी केंद्रातूनही त्याला औषध मिळू शकते. मुक्काम कायमचा हलला तर नावही तिकडे वर्ग करता येते. पण हे रुग्णाला आधी माहीत असायला हवे. माझा अनुभव असा, की पावसाळ्याआधी, मे महिन्याच्या भेटीतच "जुलैत कसे करणार?" हे विचारले, तर बऱ्याच गोष्टी सुरळीत होतात. जूनपूर्वी घरात जशी सरपण, मीठ-मिरचीची बेगमी होते, तशीच गोळ्यांचीही व्हावी.

पुरवठ्याचा दोष मात्र रुग्णाच्या माथी मारता येत नाही. २०२२ च्या जुलैमध्ये औषधांच्या टंचाईविरुद्ध एचआयव्हीबाधितांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या कार्यालयात ठिय्या दिला होता. दोन तास प्रवास करून आलेल्या माणसाला तीन महिन्यांऐवजी दहा दिवसांच्या गोळ्या हातात ठेवल्या, तर तो पुढच्या वेळी येईलच असे नाही. 'गोळी चुकवू नका' असे सांगण्याचा अधिकार गोळी न चुकता पुरवणाऱ्यालाच असतो.

डबी खुळखुळते

अंतरापेक्षाही मोठा अडथळा आहे लपवाछपवीचा. वाडी म्हणजे वीस-पंचवीस उंबरे. कोणाच्या घरी पाहुणा आला हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळते. सोयरीक जुळवताना दोन्ही कुळांची सात पिढ्यांची चौकशी होते. अशा ठिकाणी प्लॅस्टिकची पांढरी डबी घरात ठेवणे सोपे नाही.

एका विधवा बाईने सांगितलेली युक्ती मी पुढे अनेकींकडून ऐकली. डबी हातात घेतली की गोळ्या खुळखुळतात आणि "कसल्या गोळ्या?" असा प्रश्न येतो. म्हणून गोळ्या डबीतून काढून कागदात बांधायच्या आणि तांदळाच्या कणगीत खोचायच्या. या गोळ्यांच्या डबीत ओल शोषून घेणारी छोटी पुडी असते, तिला कारण आहे. मावळातल्या पावसाळ्यात भिंतींना बुरशी चढते, तिथे कागदात बांधलेली गोळी कोरडी कशी राहणार? डबी तशीच, झाकण घट्ट लावून ठेवायला हवी. खुळखुळू नये म्हणून आत स्वच्छ कापसाचा कोरडा बोळा ठेवा, असे आम्ही सांगतो. वरचा कागद काढून टाकला तरी चालेल, फक्त आतली पुडी टाकू नका. उपाय एवढासा आहे, पण त्याने गोळी टिकते आणि गुपितही टिकते.

लपवण्यापायीच अनेक जण जवळचे केंद्र सोडून लांबच्या केंद्रात नाव घालतात. गावच्या रुग्णालयात कोणी ओळखीचा कर्मचारी निघाला तर? ही भीती निराधार नाही आणि ती घालवण्याची जबाबदारी आमची, आरोग्य खात्यात काम करणाऱ्यांची आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करणे, एखाद्याची एचआयव्ही स्थिती उघड करणे, त्या कारणाने नोकरी, शिक्षण, उपचार किंवा भाड्याचे घर नाकारणे हा कायद्याचा भंग आहे. केसपेपरवर लाल शाईने मोठी अक्षरे लिहिणे, खाटेवर वेगळी पाटी लावणे हेही त्यातच येते. गुप्तता जपली जाते असा विश्वास बसला, तर पन्नास किलोमीटरचे अंतर आपोआप दहावर येते.

आणि यात सर्वाधिक सोसतात त्या बायका. पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देहविक्री न करणाऱ्या, बहुतेक विवाहित आणि एकाच जोडीदाराशी संबंध असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्क्यांना एचआयव्ही आढळला होता. लागण पतीकडून आली, तरी बोल लागला तो बाईलाच. नवरा गेल्यावर घरातून बाहेर काढलेली, माहेरी परतलेली बाई आधी भावाच्या संसारात आपली जागा टिकवते. गोळीचा नंबर नंतर लागतो.

कोणत्या गोळीबरोबर कोणती?

डोल्युटेग्रॅव्हिरला एक खोड आहे. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम त्याच्याबरोबर पोटात गेले, तर ते त्यांना चिकटून बसते आणि रक्तात नीट शोषले जात नाही. आता विचार करा, गरोदर बाईला आपण कोणत्या गोळ्या देतो? लोहाच्या आणि कॅल्शियमच्या. पोटात जळजळते म्हणून दुकानातून कोणते पातळ औषध आणतो? ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे. म्हणून नियम असा: एचआयव्हीची गोळी या औषधांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या बाबतीत जेवणाबरोबर घेतले तर एकत्र चालते. पित्ताच्या पातळ औषधाला ही सवलत नाही.

एआरटीमुळे रुग्ण जगू लागले आणि म्हातारे होऊ लागले, ही आनंदाची गोष्ट. पण त्यांच्यासोबत मधुमेह आणि रक्तदाबही आले. डोल्युटेग्रॅव्हिरमुळे मेटफॉर्मिनची रक्तातील पातळी वाढते, म्हणून मेटफॉर्मिनचा डोस दिवसाला साधारण एक ग्रॅमच्या आत ठेवावा लागतो. साखरेचे डॉक्टर वेगळे, एआरटीचे वेगळे आणि रुग्ण दोघांनाही अर्धेच सांगणार, अशी स्थिती असेल तर हा मेळ घालणार कोण? निदान आपण घेत असलेली सगळी औषधे, झाडपाल्याच्या पुड्यांसह, एका पिशवीत घालून प्रत्येक भेटीला आणा, एवढी विनंती आहे. मूत्रपिंडाला आणि यकृताला इजा करणाऱ्या पुड्या या पिशवीतच सापडतात.

विषाणूभार शून्यावर आला की

उपचार चालताहेत की नाही हे दिसण्यावरून ठरत नाही. वजन वाढले, चेहऱ्यावर तजेला आला, तरी आत विषाणू वाढत असू शकतो. ते कळते व्हायरल लोड, म्हणजे विषाणूभाराच्या तपासणीने. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी ती मोफत करतात. एका मिलिलिटर रक्तात एक हजारांहून जास्त विषाणू आढळले, तर आम्ही लगेच औषध बदलत नाही. आधी गोळ्या कशा घेतल्या जातात हे बसून विचारतो, तीनेक महिने नियमित गोळ्या घ्यायला लावतो आणि तपासणी पुन्हा करतो. पुष्कळांचा विषाणूभार तेवढ्यानेच खाली येतो. ज्यांचा येत नाही त्यांना दुसऱ्या फळीची औषधे द्यावी लागतात. त्यांची संख्या मर्यादित आहे, म्हणून पहिली फळी जपून वापरायची.

विषाणूभार मोजता न येण्याइतका खाली आला की आणखी एक मोठी गोष्ट घडते: लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सिद्ध करण्यात पुण्याचाही वाटा आहे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या 'एचपीटीएन ०५२' या अभ्यासात भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होती. बाधित जोडीदाराला लवकर उपचार दिल्याने दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला. पुढे युरोपातील अभ्यासांत, विषाणूभार दबलेल्या जोडीदाराकडून झालेली एकही लागण आढळली नाही. लग्नाचा विचार करणाऱ्या तरुणांना आणि 'आता संसार संपला' म्हणणाऱ्या जोडप्यांना हे मी आवर्जून सांगतो. गोळी नियमित घेण्याचे याहून चांगले कारण मला सापडलेले नाही.

बाळाच्या बाबतीतही तेच. काहीच उपाय केले नाहीत तर बाधित मातांच्या १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होऊ शकते; मातेचे उपचार आणि बाळाचे औषध वेळेवर झाले तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली ठेवता येते. बाळाला सुरुवातीचे सहा आठवडे नेव्हिरापीन देण्याचा फायदा ज्या अभ्यासातून दिसला, त्यात पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय होते. पण त्याआधी लागण घेऊन जन्मलेली मुले आज पंधरा-वीस वर्षांची आहेत. त्यांतल्या अनेकांना आजी-आजोबांनी वाढवले आणि "ही ताकदीची गोळी" असे सांगत दिली. सोळाव्या वर्षी मुलगा विचारतो, "मग ताकद आली, आता कशाला?" उत्तर लपवले तर तो गोळी फेकून देतो. वयाला झेपेल तसे दहा-बारा वर्षांपासून थोडे थोडे खरे सांगत जावे; त्यासाठी समुपदेशकांची मदत घ्यावी.

पुढे काय?

रोजच्या गोळीला पर्याय येऊ घातले आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शने काही देशांत वापरात आहेत. लेनाकॅपाव्हिर हे वर्षातून दोनदा घ्यायचे इंजेक्शन लागण टाळण्यासाठी अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झाले. पावसाळ्यात रस्ता बंद होणाऱ्या वाडीसाठी सहा महिन्यांत एकदाच सुई टोचणे किती सोयीचे होईल, हे सांगायला नको. पण ते आपल्या गावापर्यंत, आपल्या दरात, आपल्या रुग्णांसाठी येईपर्यंत हातातली गोळीच आपली. आणि इंजेक्शन आले तरी तारखेला यावे लागेलच. रस्ता, विश्वास आणि गुप्तता हे प्रश्न तेव्हाही तेच असतील.

देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. म्हणजे तुमच्या माझ्या ओळखीत, एसटीत शेजारच्या सीटवर, लावणीच्या रांगेत असा माणूस असू शकतो. त्यांच्यासाठी काही गोष्टी शेवटी लिहून ठेवतो. गोळीची वेळ एखाद्या रोजच्या कामाला बांधून टाका: सकाळचा चहा, गुरांचे दूध काढणे, संध्याकाळची दिवाबत्ती. गोळी चुकली तर आठवताच घ्या, मात्र दोन एकदम घेऊ नका. चार-सहा दिवस किंवा महिना खंड पडला, तरी रागावतील म्हणून केंद्रात जायचे टाळू नका. खंडानंतर परत आलेला रुग्ण आम्हाला हवाच असतो. शंका असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक लावा, नाव सांगावे लागत नाही.

आणि ज्यांना लागण नाही त्यांच्यासाठी एकच. शेजारची बाई दर तीन महिन्यांनी पुण्याला का जाते, हे विचारू नका. तिच्या जनावरांना त्या दिवशी चारा घाला, एवढे पुरे आहे.